न धुतलेले कासव

या अंकासाठी लेख मागताना संपादकांनी एकच अट घातली. नोकरीविषयी लिहा, भाषण करू नका. अट कठीण आहे. माझे काका नागपूरच्या गिरणीत होते. सुटीत घरी येताना ते मिठाईऐवजी पत्रकांचा गठ्ठा आणायचे. मी अक्षरे त्या पत्रकांवरच लावायला शिकलो. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि बदक होते, आमच्या घरातल्या कागदांवर ‘बंधूंनो, उठा’ होते. त्यामुळे मी साधी भाकरी मागितली तरी ती जाहीर मागणी वाटते, असे आई म्हणते. तरी प्रयत्न करतो.

आता मी अकोल्यात एका छापखान्यात खिळे जुळवतो. त्याआधी काही हंगाम मी विहिरींत दवा टाकत असे. राज्य तेव्हा नागपूरहून चालत होते. मंगरूळ तालुक्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, चाहूल लागली की तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या जनपद सभेकडून आम्हा हंगामी माणसांना खाकी कोट, बादली, दोर आणि लाल दवेचा डबा मिळे. लाल म्हणायचे एवढेच. डब्यात ती काळपट खड्यांसारखी दिसते. पाण्यात पडली की आधी वांग्याचा रंग येतो, मग जांभळाचा, मग गुलाबी. हाताला लागली की बोटे तपकिरी होतात आणि साबणाला दाद देत नाहीत. पावसाळाभर मला लोक तोंडावरून कमी आणि बोटांवरून जास्त ओळखत.

विहिरीत दवा टाकणे म्हणजे मूठभर खडे फेकून चालते होणे नव्हे. दोराला दगड बांधून पाण्याची खोली पाहायची, तोंडाची रुंदी मोजायची, त्यावरून दवा ठरवायची. खडे बादलीत विरघळवून बादली खाली सोडायची, बुडवायची, वर ओढायची, पुन्हा बुडवायची, म्हणजे रंग तळापर्यंत जातो. हे काम संध्याकाळी, बायकांचे पाणी भरून झाल्यावर करायचे. सकाळी जाऊन पाहायचे. फिकट गुलाबी झाक उरली असेल तर दवा पुरली. पाणी मातकट झाले असेल तर विहिरीतली घाण दवेला भारी पडली, पुन्हा टाका. रंग पुरता गेला की पाणी प्यायला मोकळे.

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची. एका पाटलाने भाऊबंदांच्या विहिरीत दुप्पट दवा टाकण्याचा आग्रह धरला, आणि तो भाऊबंदांच्या प्रेमापोटी नव्हता. कारंज्याच्या वाटेवरच्या एका गावात एका बाईने उरलेल्या दवेत लुगडे बुडवले. रंग मोठा सुरेख आला. वाळल्यावर लुगडे शेणकुटासारखे झाले. पुढच्या खेपेला ती मला शोधत विहिरीवर आली आणि म्हणाली, “तुह्या सरकारचा रंग पक्का नाई, बापू.” मंगरूळात दर्ग्याजवळ एक म्हातारे मियाँ राहत. त्यांच्या विहिरीवर काम सर्वांत लवकर उरके. “दवा तुम डालो बेटा, दुआ हम डालते,” असे म्हणून ते दोर स्वतः धरत.

इतर ठिकाणी वेळ लागे, आणि त्याला माझा एक नियम कारण होता. दोराला हात लावण्याआधी मी माझे नाव सांगत असे आणि मंगरूळच्या महारवाड्यातला आहे, हेही सांगत असे. आमचे इन्स्पेक्टर भले गृहस्थ होते. ते म्हणत, “कोणी विचारलं तर सांगा. न विचारता कशाला?” पण कायद्याने जी विहीर मला मोकळी आहे तिला मी खाकी कोटाच्या आडून हात लावणार असेन, तर तो कायदा कोटासाठी झाला, माझ्यासाठी नव्हे. म्हणून मी न विचारता सांगे. मग काठावर शांतता होई.

इंझोरीकडे जाणाऱ्या वाटेवर एक वाडी आहे. तिचे नाव लिहीत नाही, आणि खाली येणाऱ्या माणसांची नावेही त्यांची नाहीत. तेथे पटकीने एक म्हातारा नेला होता आणि दोघेजण अंथरुणावर होते. पिण्याच्या पाण्याची विहीर एकच. तिच्यावर एका कुणबी घराचा तीन भावांचा हक्क होता. थोरला तुळशीराम, एक धाकटा भाऊ, आणि मधला वारलेला, म्हणून त्याच्या वाट्याची त्याची बायको गिरजाबाई.

मी नियमाप्रमाणे सांगितले. तुळशीरामने पागोट्याखाली बोट घालून डोके खाजवले.

“ही दवा जंतू मारते म्हन्ता?”

“हाव.”

“सारे?”

“पटकीचे सारे.”

“मंग इटाळ बी मरतच असन,” तो म्हणाला. “टाक.”

ही तोड तुळशीरामची एकट्याची नव्हती. गावोगावी लोक आपापल्या अकलेने याच उत्तरापर्यंत पोचत. दवा माझ्या हातात असेपर्यंत विहीर मला मोकळी, कारण माझ्यामागोमाग दवा आत जाणार आणि सगळे साफ करणार. दवा टाकून झाल्यावर प्यायला पाणी मागितले तर ते वरून ओंजळीत ओतायची तयारी असे. मी ओंजळ धरत नसे. घरून बाटली भरून नेई. त्या दिवशी तुळशीरामला उत्तर म्हणून मी विहिरीच्या काठावर एक भाषण केले. संपादकांच्या अटीमुळे ते येथे देत नाही. वाडीनेही ते फारसे घेतले नव्हते.

भाषण संपल्यावर मी बादली सोडणार, तोच गिरजाबाई पुढे झाली.

“थांब बापू. आत धनी हाये.”

आमच्या भागात विहिरीत कासव सोडतात. ते किडे आणि शेवाळ खाते आणि पाणी चांगले राखते, असे मानतात. त्याला विहिरीचा धनी म्हणतात. या विहिरीचा धनी गिरजाबाईने आणला होता. नाल्यातला डोह आटला तेव्हा पोरे त्याला दगड मारत होती. तिने ते ओटीत घालून आणले आणि विहिरीत सोडले. तिचा नवरा त्याच साली गेला. त्यानंतर त्या घरात तिचे स्वतःचे म्हणावे असे ते कासवच होते. बाकी सगळे तिला वापरायला दिलेले होते.

“तुह्या दवेनं हे मरन काय?” तिने विचारले.

“मासे मरतात. कासवाचं मले ठाऊक नाई.”

“तं मंग काढू दे.”

तिने पोहऱ्याच्या कडीवर खडा वाजवला, भाकरीचा तुकडा टाकला आणि टोपली खाली सोडली. कासव वर आले. ज्वारीच्या भाकरीएवढे, पाठीवर शेवाळ, मानेची कातडी म्हाताऱ्या माणसासारखी ढिली. मी जवळ गेलो तसे त्याने डोके आत घेतले. या वागण्याची मला सवय होती.

दवा आता टाकायची, आठवड्याने पुन्हा टाकायची, साथ हटेपर्यंत टाकत राहायची. तोवर कासव ठेवायचे कोठे, यावर काठावरच भांडण जुंपले. समजूत अशी की धनी ज्याच्या घरी राहील, विहीर त्याची होते.

“माह्या घरी राहू द्या,” तुळशीराम म्हणाला. “मोठं घंगाळ हाये.”

“मंग इहीरच घंगाळात घालून घे ना, दादा,” धाकटा म्हणाला.

“तुह्या घरी ठेवू काय? तुह्यी बायको रांधून खाईन त्याले.”

गिरजाबाईने आपल्या खोलीत ठेवते म्हटले, तेव्हा दोघे भाऊ पहिल्यांदा एकमताने नाही म्हणाले. शेवटी धाकट्याला सुचले. “सरकारच्या हाती द्या. सरकारले आपली इहीर कायले पाह्यजे?”

काठावर सरकार म्हणजे मी होतो. अशा रीतीने त्या वाडीच्या विहिरीचा धनी माझ्या बादलीत बसून मंगरूळला आला.

आईने बादलीत डोकावून पाहिले. “लोकं नोकरीवरून धान्य आनतात. तू हे आनलं.”

“अमानत हाये, आई.”

“खाते काय हे?”

“सारंच खाते म्हन्तात.”

“मंग आपल्याच घरातलं हाये,” ती म्हणाली आणि फुटक्या रांजणाचा बुडखा धुऊन तिने त्यात आमच्या विहिरीचे पाणी भरले. कासवाने दोन दिवस तोंड बाहेर काढले नाही. मग सुकटीचा वास आला तसे काढले. पावसाळाभर ते आमच्याकडे होते. आई त्याला नावाने हाक मारत नसे, नुसती भांडे. पाणी बदलताना ते फुसकारले की म्हणे, “बस ना आता गप, सरकारी पाहुन्या.” मी गावोगाव फिरून आलो की घरात आधी कासवाची तक्रार कानी पडे आणि मग जेवण मिळे.

वाडीतली साथ हटली. ते दोघे अंथरुणावरून उठले. विहिरीचे पाणी निवळले. दसऱ्याच्या सुमारास मी कासव परत घेऊन गेलो. गिरजाबाई बांधावर उभी होती. तिने बादलीत हात घातला आणि कासवाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. तिला खाण्यापिण्याविषयी खूप विचारायचे होते, पण तिचा थोरला दीर आधी बोलला.

“कुठं ठेवलं होतं?”

“घरी.”

“पानी कोन्या इहिरीचं?”

“आमच्या.”

तुळशीराम रागावला नाही, हे मला लिहिलेच पाहिजे. माझ्या पत्रकांत अशा प्रसंगी समोरचा माणूस नेहमी डोळे लाल करून येई. हा अडचणीत पडल्यासारखा दिसला आणि लगेच त्याला वाट सापडली. “तुह्यापाशी दवा हाये ना? मंग त्याले दवेच्या पान्यात एक बुडी दे अन् सोड. झालं.”

चिमूटभर दवा अर्ध्या बादलीत टाकली तर पाणी गुलाबाच्या पाकळीइतके रंगते. त्यात एक बुडी देऊन कासवाला काही होत नाही, हे इतर गावच्या विहिरी पाहून मला एव्हाना माहीत होते. डबा माझ्या खांद्याला होता.

“ही दवा पटकीसाठी हाये,” मी म्हणालो. “माह्यासाठी नाई.”

“तुले कोन काय म्हन्ते? कासवाले धू म्हन्तो.”

“कासवाले काय लागलं हाये? माह्या घरचं पानी लागलं. म्हंजे तुमी मलेच धुऊन राह्यले.”

गिरजाबाई हळू आवाजात म्हणाली, “दे ना बापू एक बुडी. तुह्यं काय जाते त्यात?”

“जाते,” मी म्हणालो. कासव उचलून मी तिच्या हातात दिले. “हे तुमचं हाये. सोडाचं तं सोडा, धुवाचं तं धुवा. म्या धूत नाई अन् दवा बी देत नाई.”

परतीच्या वाटेवर मला फार बरे वाटत होते. हेही लिहिले पाहिजे.

पुढच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावांत पुन्हा ओकाऱ्या-जुलाब सुरू झाले आणि मला त्या वाडीला जावे लागले. विहिरीवर गेलो तर कासव पाण्यात होते. माणसेही वेगळी वागली. तुळशीरामने स्वतः दोर काढून दिला. “तुमी मोठ्या मनाचे निंगाले,” तो म्हणाला. ‘तू’चे ‘तुम्ही’ झाले होते. “आमची भावजय दिवाळीच्या बजाराले कासव घेऊन आली तुमच्यापाशी, अन् तुमी काई न बोलता त्याले दवेची बुडी देल्ली. आमी समजलो होतो का तुमी हट्टी हा.”

दिवाळीच्या बाजारात मी गिरजाबाईला पाहिले नव्हते. कासव तर नव्हतेच.

ती घागर घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. ती काय मागत होती ते समजायला अवघड नव्हते. काही बोलू नको, एवढेच. मी गप्प राहिलो असतो तर ते कासव आजही त्या विहिरीत असते. पण मग वाडीच्या लेखी मी माझ्या घरचे पाणी दवेने धुऊन दिलेला माणूस झालो असतो, आणि पुढच्या वर्षी आणखी कोठे तरी कोणी म्हणाले असते, अरे, त्यांचाच माणूस धुऊन देतो.

“म्या धुतलं नाई,” मी म्हणालो. “यायनं कासव माह्याकडे आनलंच नाई.”

तुळशीराम भावजयीकडे वळला. “मंग कायनं धुतलं?”

“कायनंच नाई,” गिरजाबाई म्हणाली. “कायले धू? पान्यातलंच जनावर हाये ते.”

कोणीतरी मागे हसले आणि लगेच थांबले. मी संधी साधली. तुम्ही हिवाळाभर आणि उन्हाळाभर या विहिरीचे पाणी पीत आहात, हे न धुतलेले कासव तिच्यात आहे, कोणाला काय झाले ते सांगा, असे मी विचारले. माझ्या मते तो बिनतोड प्रश्न होता. तुळशीरामने तो नीट ऐकून घेतला. तो घाईने बोलणारा गृहस्थ नव्हता.

“कासव काढा,” तो म्हणाला. “अन् दवा टाक. आज अमळ जास्तच टाक.”

माझे ‘तुम्ही’ पुन्हा ‘तू’ झाले. मी दवा टाकली, मोजली तेवढीच. साथीचा काळ होता, विहिरीवर रुसून चालणार नव्हते. कासव टोपलीत काठावर पडून होते. काम आटोपल्यावर गिरजाबाईने तळाशी पाणी असलेली आपली घागर भरलेल्या घागरींच्या रांगेत ठेवली, तेव्हा धाकट्याच्या बायकोने ती पायाने बाजूला सारली. जोराने नव्हे. दाराशी आलेले मांजर सारतात तशी. गिरजाबाईने घागर उचलून काखेत घेतली.

मी म्हणालो, “कासव मी नेऊ काय?”

“नाई,” ती म्हणाली. “तुले नाई देत.”

त्यानंतर वाडीची बातमी बाजाराच्या दिवशी तुकड्या-तुकड्यांनी येई. गिरजाबाईने कासव ढोरांच्या हौदात ठेवले. तिला त्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. तिची चूल आधीच वेगळी होती, आता पाणीही वेगळे झाले. ती नाल्यात झिरा खणून पाणी आणी. नाल्याचे पाणी, साथीच्या दिवसांत. मी इन्स्पेक्टरांना सांगितले, ते वाडीला जाऊन बोलून आले. लोकांनी त्यांना चहा दिला आणि सगळे कबूल केले. ते गेल्यावर काही बदलले नाही. गिरजाबाईसाठी मी दवेच्या पुड्या बांधून बाजाराला आलेल्या एका बंडीवाल्याच्या हाती पाठवल्या, घागरीत किती टाकायची ते समजावून. त्या तिने घेतल्या की फेकल्या, ते कळले नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी, ऐन दुपारी, ती आमच्या महारवाड्यात आली. डोक्यावर टोपली, टोपलीवर ओले फडके. आमच्या घरासमोर एक कपडे धुण्याचा दगड आहे. त्यावर ती बसली. आत ये असे आई म्हणाली नाही. बाईला पेच पडेल, हे आई जाणून होती.

“दीर म्हन्ते, ढोरं हौदाचं पानी पेऊन नाई राह्यले,” गिरजाबाई म्हणाली. “ढोरं पेतात. पन मले आता भांडाचं नाई. ठेव तू.”

तिने फडके काढले. कासव उन्हाने मरगळले होते, डोळे मिटलेले. मी ते घेतले. आईने रांजणाचा बुडखा ओढून सावलीत आणला आणि भरला. पाण्यात सोडल्यावर कासव बराच वेळ तसेच राहिले. मग त्याने मान लांब केली. गिरजाबाईने तेव्हा कोठे श्वास सोडला.

“थंडीत खात नाई ते. मेलं समजून फेकसान नाई तं.”

“नाई.”

“गाळात लपते. लपू देजो.”

“हाव.”

ती पदराने तोंड पुसत राहिली. “एक विचारू? तुले खरं बोलून काय भेटलं?”

माझ्याकडे याचे छापील उत्तर होते, चांगले मोठे. मी म्हणालो, “खोटं बोललो असतो तं म्या मलेच धुतलं असतं.”

“ते तुह्यं झालं,” ती म्हणाली. “मले काय भेटलं?”

आजही मला वाटते की मी तेव्हा बोललो ते बरोबर होते, आणि पुन्हा तसा प्रसंग आला तर तेच बोलेन. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून माझ्यापाशी नाही, आणि ते एकाही पत्रकात मला सापडले नाही.

आईने तांब्या भरून आणला. तिच्या हातात दिला नाही, ओंजळीत ओतायलाही उभी राहिली नाही. दगडावर तिच्या बाजूला ठेवला आणि दारात जाऊन बसली. ऊन असे होते की तांब्याला बाहेरून घाम फुटला. वाडीहून निघाल्यापासून त्या बाईच्या पोटात पाणी गेले नसावे. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने तांब्याकडे पाहिले, मग गल्लीच्या टोकाकडे. तिकडे तिला परत नेणारी बंडी उभी होती.

“म्या हे पेली,” ती म्हणाली, “अन् मंग कोनं तुले विचारलं, तं तू सांगशीन काय?”

मी आईकडे पाहिले. आईने माझ्याकडे पाहिले नाही.

गिरजाबाई अजून त्याच वाडीत आहे. ती मंगरूळच्या बाजाराला येते, आणि तिला त्याच घरात राहायचे आहे. कासव आमच्या वाड्यातल्या विहिरीत आहे आणि चांगले जगते आहे. संपादकांनी हा लेख वाचून मला एकच प्रश्न केला, त्या दुपारी बाई पाणी प्यायली की नाही. वाचणारे दुसरेही विचारतील.

मी सांगणार नाही.